एकट्या घरात घेतलेला पदर

निवृत्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांचे नंबरसुद्धा मी विसरून गेलो. पण एका बाईने माझ्यासमोर लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला नकार दिला, ती दुपार काही विसरता येत नाही. विसरू नये असंच मला वाटतं, कारण त्या दुपारी चूक माझी होती.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हळदीचे दिवस होते. एका सोमवारी संध्याकाळी कुरुंद्याच्या पलीकडच्या गावातून एक शेतकरी फिर्याद द्यायला आले. साठीचे गृहस्थ, बोलणं तोलून. त्या दिवशी ते हळद विकायला वसमतच्या मोंढ्यात गेले होते. घरी फक्त सून आणि तिचं चार वर्षांचं पोरगं. दुपारी बाराला सून पोराला आणायला अंगणवाडीत गेली, पाऊण तासाने परतली. तेवढ्यात कपाटातला त्यांच्या दिवंगत पत्नीचा पोहेहार आणि पाटल्या गेल्या.

मी पंचनाम्याला गेलो. कडीकोयंडा शाबूत, कुलूप शाबूत, कपाटाला ओरखडा नाही. दाराची किल्ली पडवीतल्या जात्याखाली आणि कपाटाची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात, असा त्या घरचा शिरस्ता होता. चोर सरळ किल्ल्या घेऊन आत गेला होता, आणि जाताना दोन्ही किल्ल्या जागच्या जागी ठेवायलाही विसरला नव्हता.

माजघरात कोपऱ्यात एक कॅमेरा होता. त्यातून स्वयंपाकघराच्या दारातली डब्यांची फळी, कपाट आणि पडवी असं सगळं दिसायचं. मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. बायको-लेकरू दिवसभर एकटे असतात म्हणून त्याने चार महिन्यांपूर्वी तो बसवून घेतला होता. वायरलेस म्हणतात खरं, पण विजेची वायर लागतेच. चित्र तेवढं हवेतून फोनवर जातं. अ‍ॅप सासऱ्यांच्या आणि मुलाच्या फोनवर होतं. सुनेच्या फोनवर नव्हतं.

मी खूश झालो, कारण माझ्याही घरी हॉलमध्ये असाच कॅमेरा होता आणि ठाण्यात बसल्या बसल्या घरी नजर टाकायची मला सवय होती. पण रेकॉर्डिंग उघडलं तर बारा वाजून दोन मिनिटांपासून पुढची तीस मिनिटं कोरी.

"वायर काढली की झालं," सासरे हळूच म्हणाले. "घरात दुसरं कोन व्हतं, साहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. ठाणे अंमलदाराने नंबर टिपून घेतला आणि खबर मला जशीच्या तशी सांगितली: "सुनेलाच धरा. शनिवारी तिचा भाऊ आला व्हता. कपाटापाशी उभं राहून तिनं त्याला हिरवी पिशवी भरून दिली."

अशी खबर आली की पोलिसाचं रक्त सळसळतं. माझंही सळसळलं. खबऱ्याला हे कसं कळलं, हा पहिला प्रश्न मी इतरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. त्या दिवशी स्वतःच विसरलो.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. महिला शिपायाला बरोबर घेऊन मी गेलो. सून पंचविशीची, बोटं हळदीने पिवळी. तिने भाऊ आल्याचं लगेच कबूल केलं.

"पिशवी दिली?"

"व्हय. कुरडया आन् हळद दिली मायसाठी."

"आणि सोनं?"

"न्हाई, साहेब."

दीड तास मी तेच प्रश्न उलटेसुलटे विचारले. तिचं उत्तर बदललं नाही. मग मी माझा जुना हुकमी उपाय काढला. पोरगं तिच्या पदराला धरून उभं होतं. मी म्हणालो, "लेकराच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग."

ती पांढरीफटक पडली. पोराला मागे सारलं. "लेकराच्या डोक्यावर हात ठिवून मी खरं बी सांगनार न्हाई. तुमाला काय करायचं ते करा."

हात ठेवायला कचरते म्हणजे पाणी मुरतंय, हे माझं गणित. सासऱ्यांचंही तेच. ते माझ्यादेखत म्हणाले, "उद्या सकाळी हिच्या भावाला बोलावलंय. घेऊन जाईल. पोरगं इथंच ऱ्हाईल."

तेव्हा कुठे ती रडली. सोन्याचा आळ तिने पचवला होता, हे तिला पचलं नाही. मी गाडीत बसलो तरी तिचा हुंदका मला ऐकू येत होता, आणि आपण योग्य तेच केलं असं मी स्वतःला समजावत होतो.

ठाण्यात आल्यावर कॅमेऱ्यातलं कार्ड लावून बसलो. आठवड्याभराचं रेकॉर्डिंग होतं. शनिवारचं पाहिलं: भाऊ आला, हिरवी पिशवी, कुरडया स्पष्ट दिसत होत्या. पण पिशवी भरली गेली माजघरात, कपाटापाशी, पडवीचं दार पुढे केलेलं. बाहेरच्या माणसाला ती दिसणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या महिला शिपायाने विचारलं, "सर, ही बाई घरात एकटी हाय. मग पदर कुनासाठी घेती?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

तिने पुन्हा दाखवलं. बाई तांदूळ निवडत बसलेली, डोकं उघडं. एकदम कॅमेऱ्याकडे नजर जाते, ती झटकन पदर डोक्यावरून ओढते आणि पाठ फिरवून बसते. पाच-सहा मिनिटांनी पुन्हा वर बघते आणि पदर सोडते. असं दिवसातून दोनदा, तीनदा. मी तास-दीड तास तेच चित्र बघत होतो, पण मला चोर शोधायचा होता, बाई दिसलीच नाही. शिपाई स्वतः एका घरची सून होती, तिला बरोबर दिसलं.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही परत त्या घरी. मला बघून सुनेने पोराला कडेवर घेतलं. या वेळी मी गप्प बसलो, शिपायाला विचारू दिलं.

"त्याच्यात बारका निळा दिवा हाय," सून म्हणाली. "कुनी फोनवर बघाया लागलं का तो लुकलुकतो. पयल्यांदा ह्यांनी फोन करून सांगितलं, मी तुला बघून राहिलोय, तवा मला समजलं. मामांच्या फोनवर बी हाय. मग सासऱ्याम्होरं उघड्या डोक्यानं कसं बसावं? कोन बघून राहिलंय ते कळत न्हाई, पन बघून राहिलंय एवढं कळतं."

मी सासऱ्यांकडे वळलो. "दुपारच्या वेळी तुम्ही फोनवर बघत होता?"

ते ओशाळले. "न्हाई हो. मला तर ते नीट लावता बी येत न्हाई. पोरगं घरी आलं का दावतं."

"मागच्या बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास हिने वीस मिनिटं पदर सोडला नव्हता, म्हणजे कोणीतरी बघत होतं."

"बुधवारी मी नांदेडला व्हतो. मानेचा फोटो काढायला त्या मोठ्या मशीनमधी घातलं व्हतं. फोन भायेर जमा." त्यांनी दवाखान्याचा कागद काढला. तपासणीची वेळ दुपारी दोन वीस. मुलाला पुण्याला फोन लावला. त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी, दुपारी तीनपर्यंतची, आणि कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागतो.

म्हणजे तिसरा फोन होता. तिसरं कोणीतरी चार महिने त्या घरात डोकावत होतं, किल्ल्या कुठे ठेवतात ते बघत होतं, आणि बाई ज्याला सासरा समजून पदर घेत होती तो सासरा नव्हताच. सुनेला हे समजलं तेव्हा ती पोराला घेऊन कॅमेऱ्याच्या नजरेआड सरकली.

शिपायाने सासऱ्यांचा फोन घेऊन अ‍ॅपमधलं पान उघडलं. "सर, हा फोन मालक नाही. ह्याला नुसतं बघायची परवानगी दिलेली हाय. पोराच्या फोनला बी तसंच असल. कॅमेरा फोनवरून बंद करायचा हक्क मालकाला."

"बसवताना नंबर कुणाचा दिला होता?" मी विचारलं.

"कुनाचा म्हंजे? दुकानवाल्या भाऊचा," सासरे म्हणाले. "ओटीपी त्यांच्याच फोनवर घेतला. आमचं सगळंच त्यांच्या नंबरवर हाय."

यात नवल काहीच नव्हतं. पीकविम्याचा अर्ज असो, गॅसची नोंदणी असो, आपल्याकडे दुकानात गेलं की दुकानदार विचारतो आणि आपण म्हणतो, "टाका ना तुमचाच." कोण ओटीपी शोधत बसणार! त्या नंबराबरोबर घराची किल्लीच दिली जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं.

रात्रभर मी घड्याळाकडे बघत होतो. सकाळी भाऊ येणार होता. मी सासऱ्यांना बजावून आलो होतो, "मी येईपर्यंत सून घर सोडणार नाही," पण गावात चार माणसं बोलायला लागली की म्हातारा किती टिकेल याचा भरवसा नव्हता.

सकाळी उजाडताच निनावी फोनच्या नंबराचा मालक गाठला. हळद शिजवणारा मजूर. तो म्हणाला, "माझा फोन आठ दिवस झाले दुरुस्तीला हाय, साहेब. कार्ड बी त्याच्यातच." कोणत्या दुकानात, ते मला विचारावं लागलं नाही.

दुकान उघडलं तेव्हा आम्ही साध्या कपड्यात समोर उभे होतो. दुकानदार पस्तिशीचा, कपाळाला गंध, आल्यागेल्याला पाणी विचारणारा. सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं. मी म्हणालो, "घरी कॅमेरा बसवायचाय."

"या ना, साहेब. बसवून देतो. ओटीपी माझ्याच नंबरवर घेऊ, तुमाला तकलीफ नको."

मी ओळख दिली. तो हसत राहिला. त्या घरात बसवणीच्या दिवशी एकदाच गेलो, पुन्हा पाय ठेवला नाही, असं तीन वेळा शपथेवर सांगितलं. मी ते लिहून घेतलं, मग विचारलं, "तर मग काल मजुराच्या फोनवरून ठाण्याला सांगितलंस ती पिशवी हिरवी होती, हे तुला कोणी सांगितलं?"

त्याचं हसू तिथेच थांबलं. तो टेबलाकडे बघत राहिला, तिथे मजुराचा फोन पडला होता. पंचांसमक्ष झडती घेतली. जुन्या चार्जरच्या खोक्यात पोहेहार आणि पाटल्या मिळाल्या. त्याच्या फोनवर आणखी सहा घरांचे कॅमेरे उघडत होते. त्या घरांना निरोप द्यायला मी महिला शिपायालाच पाठवलं.

आम्ही गावात पोचलो तेव्हा भाऊ येऊन ओट्यावर बसला होता, शेजारी कपड्यांचं गाठोडं. पोरगं त्या गाठोड्यावरच बसलेलं, उठायला तयार नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं की सोनं सापडलं, चोर सापडला आणि या बाईवरचा आळ खोटा. मुद्देमाल कोर्टामार्फत मिळेल, हेही सांगितलं, पण सोन्याबद्दल तिथे कोणी विचारलंच नाही. मग मी तिला म्हणालो, "ताई, काल मी जे करायला सांगितलं, ते चुकलं माझं." पोलिसाच्या तोंडून अशी वाक्यं सहज निघत नाहीत. तिने पोराला खाली उतरवलं आणि गाठोडं उचलून आत गेली.

सासरे स्टूल घेऊन कॅमेरा उपटायला निघाले. सून दारातून म्हणाली, "मामा, काढू नका. भायेर पडवीत लावा, तोंड रस्त्याकडं करून. चोर भायेरून येतो."

त्यानंतर मी कोणत्याही आईला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं नाही. खबर आली की आधी खबऱ्याची जागा बघायचो: तो कुठे उभा होता म्हणून त्याला दिसलं? आणि लोकांना आजही सांगतो, कॅमेरा जरूर बसवा, पण नंबर स्वतःचा द्या, जोडल्यावर संकेतशब्द स्वतः बदला, कोणकोणत्या फोनवर चित्र जातंय ते महिन्यातून एकदा बघा.

पण खरा धडा मला घरी मिळाला. त्याच दिवशी दुपारी जेवायला गेलो आणि हॉलमधला कॅमेरा काढून गेटकडे तोंड करून बसवला. बायको बघत होती. तिला सगळी हकीकत सांगितली. तिने दोन ताटं वाढली, आणि दोन्ही हॉलमध्ये आणून ठेवली. मी म्हणालो, "आज इथे?"

ती म्हणाली, "कॅमेरा लावून दोन वर्षं झाली, दुपारी मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानंच खाते. तुमचं लक्षच गेलं न्हाई."