साडेबाराचं विमान

देव-देवऋषी, नवस-अंगारे यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

बाहत्तरचा दुष्काळ. वांबोरीजवळ डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं काम चालू होतं आणि मी तिथे हजेरी मांडणारा कारकून होतो, वय तेवीस. आमच्या टोळीत चौदा माणसं. टेकडीच्या बुडाशी मुरूम खणायचा, पाट्या भरून बांधावर टाकायचा. घड्याळ एकट्या माझ्याच मनगटावर, पण जेवणाची सुट्टी व्हायची ती विमानावर. पुण्याहून औरंगाबादला जाणारं छोटं विमान साडेबाराला डोक्यावरून जायचं. आवाज आला की कुदळी खाली.

मी शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून हिशेबही केला होता. सरळ रेषेत अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, विमानाला पाऊण तास, आणि आम्ही जवळजवळ मध्यावर. पुण्याच्या विमानतळावर सामान चढवणारा माझा मावसभाऊ म्हणाला होता, बारा वाजून गेल्यावर सुटतं. म्हणजे साडेबारा पक्के! या हिशेबाचा मला भारी तोरा होता.

त्या दिवशी बाराच्या ठोक्याला आवाज आला. मीही ऐकला. ऊन इतकं की वर बघवेना, पण घरघर नेहमीचीच, पुण्याकडून येऊन औरंगाबादकडे गेलेली. माणसं वर येऊन बाभळीखाली बसली.

"अजून अर्धा तास आहे," मी म्हणालो. "उतरा परत."

"इमान गेलं, भाऊसाहेब. आता भाकरी," हिराबाई म्हणाली. टोळीतली सगळ्यात वयस्क बाई. "तुमचं घड्याळ ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "उतरणार नाही त्याची आज गैरहजेरी मांडीन," मी म्हणालो.

हसणं थांबलं. हिराबाईची सून सखू घाबरून उठली. सात महिन्यांची पोटुशी होती. पाटी उचलून दोन पावलं गेलीसुद्धा. हिराबाईने तिचा हात धरून खाली बसवलं. "बस गं. मांडू दे काय मांडायचं ते."

भाकरीचं फडकं सुटायच्या आत टेकडीची कड खाली आली. मोठा आवाजही झाला नाही, नुसता धुरळा. आम्ही माणसं मोजली, पुन्हा मोजली. चौदा.

साडेबारा झाले, एक वाजला. विमान आलं नाही.

रविवारी मावसभाऊ गावी आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "त्या दिवशी उडालंच नाही. संध्याकाळपर्यंत पुण्यातच उभं होतं."

लष्कराचं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही वर्षानुवर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण लष्कराची विमानंही अधूनमधून तिथून जायची, ती आम्ही आवाजावरून ओळखायचो, आणि चौदा जणांपैकी एकालाही हा आवाज वेगळा वाटला नव्हता.

हा किस्सा मी पुष्कळांना सांगितलाय. सांगताना दर वेळी एवढंच म्हणतो की सगळे जेवायला बसले होते म्हणून वाचले. सखू माझ्या धाकाने उठली होती आणि पाटी घेऊन त्या कडेकडे निघाली होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.