घोडीच्या पिशवीतलं औषध

गुरांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली की किस्से आठवावे लागत नाहीत. फिनेलच्या वासासारखे ते अंगाला लागून घरी येतात आणि धुतले तरी जात नाहीत. माझी नोकरी महाड-पोलादपूरची. गाई-म्हशींचे किस्से सगळेच डॉक्टर सांगतात. माझ्याकडे आहेत ते घोड्यांचे. महाडात वरातीच्या घोड्या होत्या, पोलादपूरकडे महाबळेश्वरला पर्यटक फिरवणाऱ्या.

आमच्या मासिक अहवालात गाय, म्हैस, शेळी असे रकाने. घोडीला रकानाच नाही! ज्यांच्या गर्भाशयात औषध सोडलं त्या घोड्या मी 'इतर'मध्ये लिहायचो. सोबत अँटिबायोटिकची मागणी. वर्षभर लिहिल्यावर 'इतर'साठी एकदाचं खोकं आलं. आमचे ड्रेसर सावंत यांनी ते उघडलं आणि म्हणाले, "साहेब, कोंबडीची लस हाय. घोडीला पंख फुटले का वापरू!"

पोलादपूरच्या दगडूमामांची घोडी गाभण राहत नव्हती. गर्भपिशवीत पू झालेला. मी नळीने औषध सोडलं आणि बजावलं, "आज तिला हलवू नका."

सीझन होता. मामांनी तासाभरात खोगीर टाकलं आणि आंबेनळी घाट चढायला घेतला. चढावर सगळं औषध मागच्या पायांवरून ओघळून गेलं.

तीन दिवसांनी मामा आले. मी विचारलं, "काय म्हणते घोडी?"

"घोडी हाय तशीच हाय. पण डॉक्टर, घाट बरा झाला असंल!"

आम्ही हसलो. मामा नाही हसले. ती घोडी पुढे कधीच व्याली नाही.

मग पुण्यात आमचं ट्रेनिंग झालं. व्याख्यान गाईंवर होतं. गर्भाशयात सोडलेलं औषध रक्तात शोषलं जातं, रक्तातून दुधात उतरतं, म्हणून ते दूध काही दिवस डेअरीला घालू देऊ नका, वगैरे. मी हात वर केला.

"सर, घोडीत किती शोषलं जातं?"

"तुमच्या भागात घोड्या किती?"

"नऊ."

"मग त्या नऊ जणींनाच विचारा!"

हॉल हसला. चहाच्या वेळी सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मलाही माहीत नाही हो."

मग मी विचारलंच! नाते गावातल्या एका व्यालेल्या घोडीला औषध दिलं, शिंगरू बाजूला बांधून गाईच्या दुधावर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं बाटलीभर दूध बर्फात घालून एसटीने प्रयोगशाळेत पाठवलं. चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'घोडीचे दूध. अँटिबायोटिक तपासावे.'

महिन्याने उत्तर आलं. 'स्निग्धांश फारच कमी. पाणी मिसळल्याचा संशय. दूध उत्पादकास समज द्यावी.'

सावंतांनी कागद दोनदा वाचला. "साहेब, घोडीला समज तुम्ही देणार का मी देऊ?"

शेवटचा किस्सा खरं तर सगळ्यांच्या आधीचा, ट्रेनिंगच्याही आधीचा. पण तो सांगून झाल्यावर मला दुसरं काही सांगता येत नाही.

महाडच्या इस्माईलचाचांची वरातीची घोडी व्याली. वार पडली नाही, आतच अडकून राहिली, ताप चढला. मी पिशवी धुतली, आत अँटिबायोटिक सोडलं. सलग तीन दिवस. चाचांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टर, शिंगरू पितंय. दुधात तर नाय ना उतरणार?"

"छे! पिशवीतलं पिशवीतच राहतं. खुशाल पाजा."

घोडी बरी झाली. शिंगरू चौथ्या दिवशी हगवणीला लागलं आणि सहाव्या दिवशी गेलं. कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुण्याहून परतलो तो थेट चाचांच्या दारात. ते घोडीला खरारा करत होते. मी म्हटलं, "चाचा, औषध दुधात उतरलं असणार, त्यानेच शिंगराला हगवण लागली असणार. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

चाचांचा हात थांबला.

"डॉक्टर, त्याला कळलं व्हतं. सडाला तोंड लावायचं नि मागं सरायचं. तुम्ही शिकलेले, तुम्ही पाज म्हनलात, म्हनून मीच त्याची मान धरून पाजलं."