अंजिरी लुगड्याचा कागद

माझ्या हातकागदाची कुणी तारीफ केली की मी विषय बदलते. लोक त्याला विनय समजतात. विनय वगैरे काही नाही त्यात. मला तिथून उठून जावंसं वाटतं, एवढंच.

दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. मी भिवंडी शहरातली, लग्न होऊन मानकोलीजवळच्या गावात आलेली. शेतांच्या जागी गोदामं उभी राहत होती आणि माझा नवरा दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर होता. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा. नणंद कल्याणला दिलेली.

महिला मंडळाच्या एका शिबिरात मी हातकागद करायला शिकले. सुती चिंध्या कापायच्या, भिजवायच्या, वाटून लगदा करायचा. तो टबातल्या पाण्यात सोडायचा आणि दुधावरची साय काढावी तसा जाळीच्या चौकटीवर उचलून घ्यायचा. चौकट फडक्यावर पालथी घातली की ओला ताव तयार. मागच्या पडवीत मी एका बंद पडलेल्या इडलीवाल्याचा रगडा आणून बसवला. घरातले हसले. जाऊबाई मात्र दुपारचं काम आवरून माझ्याबरोबर चिंध्या कापायला बसायची.

"काय तुझी अक्कल," ती म्हणायची, "कापडाचा कागद करायचा, आणि त्या कागदावर लिहायचं काय, तर नवीन कपडे घालून आमच्या लग्नाला या!"

भिवंडीत चिंध्यांना काय तोटा, असं मला वाटलं होतं. पण लूमचा कचरा आणला की त्यात निम्मं पॉलिस्टर निघायचं. पॉलिस्टर पाण्यात विरत नाही. ते तावावर केसासारखं उभं राहतं आणि लिहायला गेलं की शाई फुटते. कारखान्याचा मुकादम मला म्हणाला, "भाभी, प्युअर कॉटन माँगोगी तो पुराने ज़माने में जाना पड़ेगा. अब सब मिक्स है."

पुढे मी खरंच जुन्या जमान्यात गेले. सासूबाईंच्या पेटीत.

त्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या आईची दोन लुगडी होती. अंजिरी रंगाची, लाल काठांची, नेसून आणि धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतल्यावर वजन लागायचं नाही. अंजिरी रंग उडून त्यावर फिकी गुलाबी छटा उरली होती, काठ तेवढे लाल राहिले होते. दर उन्हाळ्यात जाऊबाई ती पेटीतून काढून ऊन द्यायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. आमच्याकडे बाळाची पहिली गोधडी घरातल्या सगळ्यात जुन्या बाईच्या लुगड्याची शिवतात. नवीन कापड बाळाच्या अंगाला लागू देत नाहीत. नणंदेला दिवस गेले होते. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी ती गोधडी त्या स्वतःच शिवणार होत्या. "आयशीच्या लुगड्यात माझी नात झोपेल," म्हणायच्या. नातच होणार हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. लुगडी जुनी होती, चिंध्या वाटल्या, असं म्हणायला मला जागा नाही.

ठाण्याच्या एका दुकानदार बाईंनी मला पहिलं मोठं काम दिलं होतं. एका लग्नाच्या पत्रिका आणि पाकिटं. नमुन्याचा ताव मी माझ्या माहेरच्या जुन्या धोतरांचा केला होता, तो त्यांना आवडला. मग धोतरं संपली आणि मी लूमच्या कचऱ्याचे ताव पाठवले. बाईंनी फोन केला. "हे केस कसले वर आलेत? असं मी गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. पुढच्या आठवड्यात चांगला माल आला नाही तर मी दुसरीकडे बघते." घरात फोन उचलला तेव्हा दीर समोर जेवत होते. "झाला का कागदाचा कारखाना बंद?" ते म्हणाले. मला त्यांना बंद करून दाखवायचा नव्हता.

दोन दिवसांनी पडघ्याला नात्यात हळद होती. सगळे गेले. माझं काम आहे म्हणून मी मागे राहिले. पेटीला कुलूप नव्हतं. भर दुपारी मी ती उघडली, लुगडी काढली आणि पडवीत बसून कापली. कात्री चालवावीही लागत नव्हती, नुसतं ओढलं तरी कापड फाटत होतं. काठ बाजूला काढायला हवे होते. घाईत तेही रगड्यात टाकले. मंडळी हळदीने पिवळी होऊन परतली तेव्हा लगदा तयार होता; माहेरून जुनं कापड आलं, असं मी सांगितलं.

एवढा चांगला लगदा मला पुन्हा कधी मिळाला नाही. तावावर कुठे गाठ नाही, केस नाही. फिका गुलाबी रंग आणि त्यात कुंकू सांडल्यासारखे काठाचे बारीक लाल कण. मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आजही मान खाली जाते.

चार-पाच दिवसांनी सासूबाईंनी गोधडी घालायला पेटी उघडली. अजून काही ताव उचलायचे बाकी होते. मी पडवीत टबापाशी होते, हात कोपरापर्यंत लगद्यात.

"माझ्या आयशीची लुगडी कुठं गेली?"

जाऊबाई धावत आली. पेटी उपसून झाली, माळा बघून झाला. मग सासूबाईंची नजर ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यावर गेली. पिठाचा मोठा, झाकणाचा डबा, कंपनीचा कागद अजून चिकटलेला. त्याच आठवड्यात बोहारीण येऊन गेली होती आणि जाऊबाईने जुने कपडे देऊन तो डबा घेतला होता.

"काय दिलंस त्या बोहारणीला?"

"आई, यांच्या पॅंटी दिल्या. पोराचे शाळेचे शर्ट दिले."

"फाटक्या पॅंटीत एवढा डबा? ती बोहारीण काय तुझी मावशी लागते?"

दीर हसले. माझा नवराही हसला. जाऊबाई रडवेली होऊन म्हणाली, "देवीची शपथ, मी लुगड्यांना हात न्हाय लावला. दर साल मीच तर ऊन देते त्यांना."

"म्हणून तर तुलाच माहीत, कुठं ठेवलीत ती," सासूबाई म्हणाल्या आणि पेटीला टेकून रडायला लागल्या.

लुगडी तिथेच होती. माझ्या हाताखाली, टबात. मी हात बाहेर काढून एवढंच म्हणायचं होतं की आई, इकडे बघा. मी चौकट पाण्यात बुडवली आणि पुढचा ताव उचलला.

त्यानंतर सासूबाईंनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. "तू शिकलेली. तुझ्याकडं राहू दे," म्हणाल्या. मी घेतली. ती किल्ली मी कितीतरी वर्षं मंगळसूत्राच्या वाटीशेजारी वागवली. जाऊबाईने तो डबा पुन्हा ओट्यावर ठेवला नाही. माळ्यावर टाकला, कागद तसाच चिकटलेला. घरात काही सापडेनासं झालं, साधी विळी जरी, की कुणीतरी म्हणायचंच, "बघा, बोहारीण आली होती का?" सगळे हसायचे. तीही पुढे पुढे हसायला लागली. मला तेच जास्त लागायचं.

पत्रिका मात्र गाजल्या. ठाण्याच्या बाईंनी मला एका प्रदर्शनात टेबल मिळवून दिलं. त्या कागदाच्या छोट्या वह्या, पाकिटं, पुस्तकात घालायच्या खुणा बघून बायका विचारायच्या, "हे लाल ठिपके किती गोड! सुचलं कसं तुम्हाला?"

"आमच्या दारात गुलमोहर आहे," मी सांगायचे. "त्याच्या पाकळ्यांवरून."

आमच्या दारात गुलमोहर नव्हता. गोदामाची भिंत होती.

तसाच कागद पुन्हा हवा म्हणून मागण्या आल्या. मी लूमचा लाल धागा बारीक कापून लगद्यात घालून बघितला, तर ताव टूटीफ्रूटीच्या पावासारखा दिसायला लागला. शेवटी मी तो प्रकार बंद झाला असं सांगून टाकलं. उरलेले थोडे ताव गादीखाली सपाट करून ठेवले होते.

नणंदेला मुलगीच झाली. सासूबाईंनी गोधडी शिवली, बाजारातून आणलेल्या कापडाची, दोनदा धुऊन. टाके वाकडेतिकडे गेले होते. त्या म्हणाल्या, बारशाच्या पत्रिका तू कर. आणि मी गादीखालचे ताव काढले. का, ते नीट सांगता येत नाही. त्या लुगड्यातलं काहीतरी त्या पोरीपर्यंत पोचावं, असं मनात होतं. कदाचित पकडलं जावं, असंही असेल.

सासूबाईंना छापलेलं दिसत नव्हतं. त्यांनी पत्रिका गालाला लावली. "कागद हाय का कापड गं? किती मऊ." मग जाऊबाईकडे दिली. "बघ, धाकटीचे हात कसे. शीक जरा."

जाऊबाईने पत्रिका खिडकीपाशी नेली. उजेडात धरली. लाल कणांवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग गठ्ठा उचलून ती गावात पत्रिका वाटायला निघून गेली. त्या दिवसापासून ती चिंध्या कापायला पडवीत आली नाही. वर्षाच्या आत तिने वरच्या मजल्यावर चूल वेगळी मांडली. "मोठीला कुणाचं बोलणं सोसत नाही," असं घरात म्हटलं गेलं. मीही मान हलवली.

सासूबाई गेल्या, त्या मोठी सून बोहारणीला लुगडी देऊन बसली असं समजूनच. शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं जाऊबाईच करत होती. पेज भरवताना एकदा त्या तिला म्हणाल्या, "जाऊ दे, मी तुला माफ केलं." मी दारात उभी होते, औषध घेऊन. तेव्हाही मी बोलले नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी वर गेले आणि जाऊबाईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"मला काय सांगतेस? मी बारशालाच बघितलं. त्यांना सांगायचं होतंस."

"मग ताई, तुम्ही का नाही बोललात?"

"बोलले असते तर काय? म्हणाले असते, आता धाकटीवर घालते." तिने फडकं झटकलं. "मी वाट बघितली. म्हटलं आज सांगशील, उद्या सांगशील."

मी शेवटचा एक ताव बरोबर नेला होता. तो पुढे केला. तिने घेतला, वजन केल्यासारखा तळहातावर धरला आणि परत दिला. "ह्याचं मी काय करू? सांगायचंच असेल तर सगळ्यांपुढं सांग."

भाऊबीजेला नणंद आली, मुलगी शाळेत जायला लागली होती. जेवणं झाल्यावर सगळे बसलेले असताना मी सांगितलं. दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. माझ्या नवऱ्याने मान वर केली नाही. दीर हसून म्हणाले, "अगं, दोन जुन्या लुगड्यांसाठी एवढं? मेल्या माणसांचं घेऊन काय बसलीस?"

नणंद आणि जाऊबाई हसल्या नाहीत. नणंदेने विचारलं, "म्हणजे मोठी वहिनी खरं बोलत होती?"

मग मीच म्हणाले, "हो."

नणंद उठली आणि जाऊबाईजवळ जाऊन बसली. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस नाही. जाऊबाईने दिरांकडे बघितलं, म्हणाली, "तुमच्याच पॅंटी दिल्या होत्या," आणि ताटं उचलायला लागली.

त्यानंतर कधीतरी विरजण मागायला मी वर गेले. तो स्टीलचा डबा ओट्यावर होता. कंपनीचा कागद खरवडून काढला होता, डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता. जाऊबाईने झाकण उघडून तांदळाचं पीठ काढलं आणि भाकरीला मळायला घेतलं. विरजण कुठे आहे ते मानेनेच दाखवलं. मी घेतलं आणि खाली आले.