सात नंबरची कुंडी

सांगलीच्या भाड्याच्या घरात, गॅलरीत माझ्या अकरा कुंड्या होत्या. त्यातल्या चार मातीच्या, बाकीचे तळाला खिळ्यानं भोकं पाडलेले तुपाचे डबे. प्रत्येकीवर चुन्यानं नंबर घातलेला. एका वहीत झाड कुठलं, शेणखत कधी घातलं, माती कधी उकरली हे सगळं लिहिलेलं असे. शाळेत हजेरी घ्यायची सवय घरीही सुटत नव्हती.

सात नंबरमध्ये मोगरा होता. वडूजजवळच्या माझ्या माहेरच्या परसातली फांदी मी लग्नानंतर आणून लावली होती. बहात्तरच्या दुष्काळात आईची विहीर आटली आणि परसातला मोगरा मुळापासून वाळला. आता तो एवढ्या एका कुंडीतच उरला होता. दोन उन्हाळे त्याला कळी आली नव्हती, पण जगला होता ना, मला तेवढं पुरे होतं.

दुष्काळ सरल्यावरच्या संक्रांतीला आई चार दिवस राहायला आली. कुंडी बघून म्हणाली, नुसत्या काटक्या वाढल्यात, निम्म्यावर छाट, म्हणजे चैत्रात फुलेल. मी कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं. उरलेलं एकुलतं झाड कापायची माझी छाती नव्हती. आईनं वाद घातला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आई परत गावी गेली त्या सोमवारी मोगऱ्याच्या फांद्या सतरा होत्या. गुरुवारी सोळा भरल्या. पुढच्या मंगळवारी चौदा. काप तिरका, कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरासा वर, अगदी स्वच्छ. उंदराचं काम नव्हे. कापलेली फांदी खाली कुठंही पडलेली नाही.

वहीच्या मागच्या पानावर मी संशयितांची यादी केली. घरमालकीण देवाला फुलं न्यायची, पण इथं फुलं होती कुठं? दूधवाला जिन्याच्या वर येत नसे. राहिली शेजारीण. ती शिराळ्याकडची, नवरा फौजेत. गॅलरी आम्हा दोघींत एकच. मी साडेदहाला शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या कुंड्या तिच्याच नजरेखाली. शिवाय चोरून आणलेली फांदी हमखास जगते, असं आमच्याकडे बायका मानतात. यादीत तिच्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी कुंडीभोवती शिवणाचा काळा दोरा बांधून गेले. संध्याकाळी दोरा होता, पण गाठ माझी नव्हती. फांद्या तेरा. त्या दिवशी शेजारणीनं आणलेलं ताक मी पोट बिघडल्याचं सांगून नको म्हटलं. ताकानंच पोट बरं होतं, असं म्हणत ती भांडं तिथंच ठेवून गेली. मी ते ओतून टाकलं.

शनिवारी सकाळची शाळा असते हे ती विसरली असावी. मी अकरालाच आले तेव्हा ती भाजीची सुरी घेऊन सात नंबरपाशी बसली होती. तिच्या मोरीच्या भिंतीआड एका डब्यात चार काटक्या ओळीनं खोचलेल्या होत्या. पाचवी तिच्या हातात होती.

मी विचारलं, "हे कुणाला विचारून चाललंय?"

ती उठलीही नाही. "आवं बाई, तुमच्या आईनंच सांगितलंय. एकदम कापलं तर पोरगी घर डोक्यावर घील, म्हणाल्या. एकेक काप, तिला कळायचं न्हाई."

"मी मोजते."

"ते काय बोलल्या न्हाईत त्या."

माझा विश्वास बसला नाही. आईला पोस्टकार्ड टाकलं, दोन प्रश्न नंबर घालून: एक, तू सांगितलंस का? दोन, मला न विचारता का? उत्तर येईपर्यंत कुंडी मी घरात, खाटेखाली ठेवली. आठवड्यानं कार्ड आलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती. एकच ओळ होती: कापणं अर्धवट राहिलं असेल तर आता उरकून घ्या, आणि झाड उन्हात ठेवा.

मी कपाट उघडून कात्री शेजारणीच्या हातात दिली आणि ती संपवेपर्यंत शेजारी उभी राहिले.

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात एकोणीस कळ्या आल्या. वहीत नोंद आहे. डब्यातल्या पाच काटक्यांपैकी दोन जगल्या. त्यातली एक शेजारणीनं ठेवून घेतली. दुसरी वडूजला आईच्या परसात गेली, आणि मी ती घेऊन पोचले तेव्हा तिथं खड्डा आधीच खणून तयार होता.