खोडलेलं उत्तर

दुसरीच्या पुस्तकातला तो प्रश्न मी काढायला हवा होता. ‘संध्याकाळी तुझे बाबा घरी काय आणतात?’ मंजुरीच्या बैठकीत समितीतल्या शिक्षिका साळवेबाई म्हणाल्या होत्या, “सर, माझ्या वर्गात काहींना बाबाच नाहीत. त्यांनी काय लिहायचं?” मी पाठ्यपुस्तक समितीचा अध्यक्ष होतो. मार्चअखेर आली होती. छपाई लांबली असती, तर निधी परत गेला असता. “बाई, पुढच्या आवृत्तीत बघू,” म्हणालो आणि सही केली.

काही वर्षांनी, परवा साळवेबाईंच्या शाळेत गेलो. सरकारी पुस्तकं फुकट मिळतात, म्हणून वर्ष संपताना ती पुढच्या मुलांसाठी परत घेतात. व्हरांड्यात मुलं पेन्सिलीची उत्तरं खोडत बसली होती. एका मुलीच्या पुस्तकात त्या प्रश्नाखालचा कागद इतका विरला होता, की मागच्या पानावरचं चित्र दिसत होतं. तिच्याआधीही कुणी तिथे लिहून खोडलं असेल. निधी वेळेत खर्च झाला, पुस्तकं वेळेत पोचली, आणि तो प्रश्न एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. आता रात्री डोळे मिटले, की तो विरलेला कागद समोर येतो.

“इथे काय लिहिलं होतंस?” मी तिला विचारलं.

“खाऊ. मला बाबा नाहीत, पण सगळ्यांनी लिहिलं म्हणून मीपण लिहिलं.”

मी तिच्याशेजारी खाली बसलो. “बाळा, हा प्रश्नच चुकीचा आहे.”

“पुस्तकात छापलाय की!”

“मीच छापू दिला. चुकलं माझं. मला माफ कर.”