दिलशाद मॅडम उत्तर सांगत नाहीत

आमच्या मुदखेडच्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दिलशाद मॅडमना मी एकदा तोंडावर विचारलं, "तुम्ही पगार कशाचा घेता हो? पोरांनी विचारलेलं तर तुम्ही कधीच सांगत नाही." मी मराठीचा मास्तर, आमचा सगळा जन्म सांगण्यातच जातो. त्या हसून म्हणाल्या, "बसवंत सर, मी सांगितलं तर ते माझंच राहतं ना."

बाई मुदखेडचीच, वडिलांचं शिलाईचं दुकान. नोकरी तासिकेवरची, म्हणजे जूनमध्ये संस्थेनं बोलावलं तर आहे, नाहीतर घरी बसा. घर मात्र त्यांच्याच पगारावर चालायचं. अशा माणसानं जरा जपून राहावं की नाही? पण मॅडमना ते जमायचं नाही, आणि म्हणूनच मला त्या फार आवडायच्या.

अकरावीला त्यांच्या वर्गात शिवांगी आली. संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव यांची नात, दहावीला शाळेत पहिली आलेली. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचा प्रोग्राम तिनं एका दमात, स्वल्पविरामासकट लिहून दाखवला. मॅडमनी त्यात दुसरे आकडे घालायला सांगितले, तर पोरगी कावरीबावरी झाली. "मॅडम, हे आकडे आमच्या जर्नलात न्हाईत."

स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढं हुशार लेकरू, पण तिला कधी कुणी अडूच दिलं नाही."

मग कॉम्प्युटर बंद, आणि वर्ग निघाला रेल्वे स्टेशनच्या पुलावर. खाली सायडिंगला, पुढं वाट बंद असलेल्या रुळावर, मालगाडीचे डबे ढकलणं चाललं होतं. शेवटी आत गेलेला डबा पहिल्यांदा बाहेर का येतो आणि तिकिटाच्या रांगेत असं का होत नाही, यावर पोरं हमरीतुमरीवर आली. कॉम्प्युटरसुद्धा आपली कामं या दोन तऱ्हांनी लावून ठेवतो, हे त्यांना मागाहून कळलं. शिवांगी तेवढी लिहून घ्यायला पेन काढून उभी होती. मॅडमनी ते पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

पोरगी रडत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी अण्णाराव स्टाफरूममध्ये हजर. "मॅडम, क्लासवाल्यावानी प्रोग्राम लिहून द्या, पोरं पाठ करतेत. डबे बघायला न्हाई धाडली नातीला. बारावीच्या प्रॅक्टिकलात हिचे मार्क गेले, तर जूनमधी तुम्ही दुसरं बघा."

"जी साहेब," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात वर्ग पुन्हा पुलावर. मला त्यांचा रागच आला. चांगली नोकरी हातची घालवायची ही कसली हौस, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

बारावीचं प्रॅक्टिकल आलं. आमच्याकडची एक रीत सांगतो. बाहेरचे परीक्षक दुपारी जेवायला उठतात ते सावकाश जेवतात, आणि तेवढ्या वेळात कॉलेजच्या मास्तरानं अडलेल्या पोरांना हात द्यायचा. कुणी बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं.

परीक्षक जेवायला गेले तेव्हा लॅबमध्ये एकटी शिवांगी उरली होती. दिलेल्या आकड्यांतला सगळ्यांत लहान शोधायचा होता आणि तिच्या प्रोग्रामचं उत्तर दर वेळी शून्य येत होतं. मी आणि अण्णाराव बाहेर व्हरांड्यात उभे. अण्णारावांनी मॅडमकडे नुसतं बघितलं. मॅडम आत गेल्या. चूक त्यांना लगेच दिसली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सगळ्यांत मोठा आकडा शोधायचा पाठ केलेला प्रोग्राम पोरीनं फिरवून घेतला होता. त्यात सुरुवातीला शून्य धरलेलं असतं. मोठा शोधताना ते खपून जातं, पण लहान शोधताना शून्यापेक्षा लहान काही हाती लागायचंच नाही. बोट ठेवून एक ओळ दाखवायची, एवढंच काम होतं.

खिडकीतून मला दिसलं, मॅडमचा हात पुढे गेला. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात शिवांगीनं तो हात हळूच बाजूला केला आणि काहीतरी म्हणाली. मॅडम तशाच बाहेर आल्या. डोळे भरलेले, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"काय झालं? सांगितलं का न्हाई?" अण्णारावांनी विचारलं.

"पोरीनं हाकललं मला, साहेब. सांगू नका म्हणते."

अण्णाराव तरातरा खिडकीशी गेले. मला वाटलं, आता आवाज चढणार. आत नात एकेका ओळीवर बोट ठेवत, ओठांत पुटपुटत प्रोग्राम वाचत होती. खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा शून्य आलं, तशी खुर्ची आणखी पुढे ओढून बसली. रडत नव्हती. अण्णाराव खिडकीचा गज धरून तिच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात परीक्षक हात पुसत व्हरांड्यात आले आणि दाराकडे वळले. अण्णाराव त्यांच्या आडवे गेले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"थांबा जरा साहेब. लेकरू आपलं आपण करायलंय."