दार वाजवणारे काका

उघड्या दारावर टकटक करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या फणसवाडीतल्या चाळीत एक होते. दार सताड उघडं, आतली माणसं आपल्याकडेच बघताहेत, आणि हे चौकटीवर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवून विचारायचे, "आत येऊ का?"

"अहो, या की. दार आहे का तबला?" शेजारच्या काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या.

"तिकडे विचारल्याशिवाय आत जात नाहीत, वहिनी."

तिकडे म्हणजे विलायतेत. मूळचे ते गुहागरकडचे. तरुणपणी बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागले आणि लढाईच्या दिवसांत लिव्हरपूलला अडकले. तिथल्या एका खाणावळीत त्यांनी तीन वर्षं काढली. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. परत आल्यावर आमच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एकटे राहू लागले. सगळे त्यांना बोटवाले काका म्हणत.

आमच्याकडे लोक पहाटे नळाशी बादल्या रांगेत ठेवत आणि परत जाऊन झोपत. काका इस्त्रीचा शर्ट घालून बादलीशेजारी स्वतः उभे राहत. "तिकडे माणूस रांगेत उभा राहतो, भांडं नाही."

"मग तिकडची माणसं झोपतात कधी?" माझ्या वडिलांनी एकदा विचारलं.

काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "रविवारी."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. संध्याकाळी वाडीतून घोषणा देत माणसं निघायची. काकाही यायचे, हातात छत्री घेऊन. कुणाला धक्का लागला की घोषणा मध्येच थांबवून "सॉरी" म्हणायचे आणि मग राहिलेली घोषणा पुरी करायचे, तोवर बाकीचे पुढच्या घोषणेवर गेलेले असत.

दिवसा दार लावून बसणारं चाळीत त्यांचं एकच घर होतं. दुधाचा डबासुद्धा ते दाराबाहेर ठेवत. भय्या त्यात दूध ओतून झाकण लावून जाई. हीही तिकडची रीत. त्यावरून ते एक गोष्ट सांगत. खाणावळीशेजारी एक म्हातारा एकटा राहायचा. तो वारला ते पाच दिवसांनी कळलं, दारात दुधाच्या बाटल्या साठल्या म्हणून.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "आणि शेजारी काय करत होते?"

"कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही तिकडे." हे ते कौतुकाने सांगत होते की कसे, मला तेव्हा कळलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतकी वर्षं ती मी बायकोलाही सांगितलेली नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. आमच्या मजल्यावर वर्तमानपत्र एकच यायचं, ते काकांचं. सगळे तेच वाचत. एका संध्याकाळी कचेरीतला मित्र घरी आला होता. त्याला एक बातमी दाखवायला म्हणून मी काकांचं दार ढकलून आत गेलो आणि टेबलावरचा पेपर उचलला. मित्र माझ्या मागेच उभा होता.

काका शांतपणे म्हणाले, "पेपर ठेव. बाहेर जा. दार वाजवून ये."

मी गेलो, वाजवलं, परत आलो. मित्र हसला. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने ती गोष्ट चार टेबलांवर सांगितली. आज ऐकताना क्षुल्लक वाटेल, पण मला ते फार लागलं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात हरताळ झाला. कचेऱ्या बंद, ट्राम बंद, ठाकूरद्वारापर्यंत रस्ता ओस. सकाळी नऊच्या सुमारास आई म्हणाली, "काकांकडून पेपर तरी आण." मी गेलो. दार लागलेलं होतं. बाहेर दुधाचा डबा तसाच होता, मांजराने झाकण पाडून त्यात तोंड घातलं होतं. एरवी काका सातला दूध आत घेत.

मी दोनदा वाजवलं. आतून आवाज आला. शब्द कळला नाही, पण आवाज आला. मी थांबलो. मनात म्हटलं, "या" म्हणाले नाहीत ना? मग तिकडे आत जात नाहीत. आणि वळून घरी आलो. पेपर आलाच नाही, असं आईला सांगितलं.

दुपारी तीन वाजता काकू त्यांना अळूची भाजी द्यायला गेल्या. दोन्ही हातांत भांडं, म्हणून त्यांनी दार पायानेच लोटलं. दाराला आतून कडीही लावलेली नव्हती. नळावरून आल्यावर काका ओल्या फरशीवर घसरून पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं. आठ तास ते जमिनीवर होते.

टॅक्सी मिळेना. आम्ही चौघांनी त्यांना खाटेवर घालून इस्पितळापर्यंत नेलं. खाटेचा एक पाय मी धरला होता. नाक्यावर हरताळाच्या पोरांनी वाट करून दिली. एका घरातून बाईने चहाचा कप आणून काकांच्या तोंडाला लावला.

वडील त्यांना हसवायला म्हणाले, "काय, तिकडे असं असतं का?"

"तिकडे गाडी येते, घंटा वाजवत," काका दात आवळून म्हणाले. "चहा नसतो."

इस्पितळात काकूंनी विचारलं, "सकाळपासून कुणीच फिरकलं नाही का हो?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. काका म्हणाले, "हा आला होता. वाजवलं, उत्तर नाही म्हणून परत गेला. शहाणा मुलगा आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

काका तीन महिन्यांनी काठी टेकत घरी आले. एक पाय कायमचा आखूड झाला. आल्या दिवसापासून मात्र त्यांनी दार उघडं ठेवलं, वाऱ्याने लागू नये म्हणून खाली वरवंटा लावून. दुसऱ्यांच्या दारावर टकटक चालूच राहिली, आता काठीने. काकू म्हणायच्या, "तबल्याचा पखवाज झाला." म्हाताऱ्याच्या बाटल्यांची गोष्ट मात्र काकांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा काकांनी घरोघर पेढे वाटले, प्रत्येक दार वाजवून. त्याच आठवड्यात त्यांचा भाऊ त्यांना गुहागरला न्यायला आला. आदल्या दिवशी मी त्यांच्या खोलीशी गेलो आणि उघड्या दारावर दोनदा वाजवलं.

"अरे, उघडंच आहे," ते ट्रंक भरता भरता म्हणाले.

"काका, त्या दिवशी मी तुमचा आवाज ऐकला होता."

त्यांनी शर्टाची घडी पुरी केली. "ठाऊक आहे. तुझ्या चपला थांबल्या होत्या. मग गेल्या."

"मग सगळ्यांसमोर मला शहाणा का म्हणालात?"

"वाजवायला तुला मीच शिकवलं होतं ना? त्याच्या पुढचं शिकवायचं राहिलं." मग ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाले, "बस यावर. झाकण लागत नाहीये."

मी बसलो. त्यांनी कुलूप लावलं. बोलण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं, आणि पेढ्यांचा डबा अजून अर्धा होता.

त्यांचं पत्र चार वर्षं येत राहिलं, नंतर बंद झालं.

आता मी दादरला राहतो. इमारत चांगली आहे, पाणी दिवसभर असतं. सगळी दारं बंद असतात, आणि सकाळी प्रत्येक दारापाशी दुधाच्या बाटल्या उभ्या असतात, काकांनी सांगितल्या तशाच. कामावर निघताना मी जिना सावकाश उतरतो आणि बाटल्या बघतो. तळमजल्यावर एक मास्तरीणबाई एकट्या राहतात. त्यांची बाटली नऊला बाहेर दिसली की मी दार वाजवतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा वाजवतो, मोठ्याने हाक मारतो. बाई चिडतात. "आंघोळ करत होते हो," आतून ओरडतात. "काय रोजचं आहे तुमचं?"

"काही नाही," मी म्हणतो, आणि बस पकडायला जातो.